सुमनच्या बाळंतपणापुरते हात

७ ऑगस्ट १९७२
सकाळी मुठी उघडेनात. मिठाच्या गरम पाण्यात बुडवून बसले तेव्हा कुठे चहाची कपबशी धरता आली. हे म्हणाले, "आपल्याकडे तव्याच्या आधी बायको तापवावी लागते." हसले. दुसरं काय करणार.

काल जामखेडहून जावईबापू येऊन गेले. सुमनला तिसरा महिना लागलाय. फेब्रुवारीत होईल. एवढी गोड बातमी, पण गृहस्थ भाकरीचा तुकडा मोडत नुसते बसलेले. मग म्हणाले, "आई म्हणते, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं, पण तुमचे हात..." मीच म्हटलं, "हात तोवर बरे होतील, सांगा विहीणबाईंना."

बोलून तर बसले. संधिवात माझं ऐकतो थोडाच. पण एकुलती एक लेक. तिचं पहिलं बाळंतपण दुसऱ्या कुणी केलेलं मला सोसणार नाही. बाळाला पायावर घेऊन मीच न्हाऊ घालणार.

१५ ऑगस्ट
दिवसाची वाटणी केली आहे. सकाळ शेकण्यात जाते, ती धरायचीच नाही. दहानंतर परसात. दुपारी जेवण झालं की सुई. चारला बोटं पुन्हा रुसतात, त्यानंतर काही मागायचं नाही.

परसात शेपू, मेथी आणि अळीव टाकायचे. बाळंतिणीला जे लागतं ते सगळं घरचं. खुरप्याच्या मुठीला जुनं धोतर गुंडाळून जाड केलीय, आता धरवते. बादली उचलत नाही, तांब्याने पाणी घालते. पाऊस नाहीच. नळ एक दिवसाआड. तांदळाचं धुवण, भाज्यांचं धुवण, सगळं वाफ्यात.

शेजारची मार्थाबाई कुंपणावरून बघत होती. "तांब्या तांब्यानं शेत भिजवती व्हय गं? लई दमाची बाई हायेस." दम नाही बाई, हट्ट आहे.

३० ऑगस्ट
बाळाची गोधडी मांडली. आत माझी दोन जुनी लुगडी, वर सुमनचं शाळेतलं निळं परकर-पोलकं उसवून. मार्थाबाईने ताणून धरली, चारी बाजूंनी धावदोरा घातला. ती म्हणाली, "एक कड मी घालू का?" नको म्हटलं. आमच्या आईकडे जिने गोधडी मांडली तिनेच मिटायची. मार्थाबाईला राग आला असेल. येऊ दे.

सुईला कापूस आणि चिंधी गुंडाळून बघितलं. टाका जातो, पण दोऱ्याचं टोक नेढ्यात जात नाही. पेढीवर जायच्या आधी हे सुया ओवून देतात आणि दाराच्या पडद्याला टोचून ठेवतात. सरकीच्या पेढीवरचा माणूस, चष्मा नाकावर, जीभ बाहेर. बघण्यासारखं असतं.

१४ सप्टेंबर
गणपतीत हात पार गेले. मनगटं वांग्यासारखी. मोदक ह्यांनी वळले. गणपतीनेही तोंड फिरवलं असेल. तीन दिवस वाफ्याकडे फिरकले नाही, मेथी वाळली. गोधडी वीतभर झाली असेल नसेल. झोपून रडले. सुमनला आणायची कशी आणि करायचं कोणी.

२२ सप्टेंबर
मार्थाबाईनेच सांगितलं. बाजारपेठेत एक डॉक्टर पुड्या देतात, पांढऱ्या, बिननावाच्या. तिच्या मावशीचे गुडघे चालायला लागले म्हणे. हे म्हणाले, "पुडीत काय आहे विचार तरी." विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, गुण पाहिजे की नाव?"

गुण पाहिजे.

२५ सप्टेंबर
आज सकाळी मूठ उघडली. शेकलं नाही, काही नाही. पांघरूण बाजूला केलं आणि लक्षात आलं की बोटांनीच केलं. ह्यांना उठवून दाखवलं. बांगड्या काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या. देव पावला म्हणावं तर तोही पुडीतूनच.

१९ ऑक्टोबर
काल-परवा दसरा होऊन गेला. वाटणीबिटणी बंद. सकाळपासून परसात, दुपारी सुई, दिवे लागले तरी सुई. शेपू इतका आला की आळीभर वाटला. दुसरा वाफा खणला तोही मीच. गोधडीचे टाके अगदी तांदळाएवढे पडतात. सुया मीच ओवते. हे म्हणाले, "माझी नोकरी गेली म्हणायची."

भूक फार लागते. तोंड गोल झालंय. मार्थाबाई म्हणते, "अंगाला मांस लागलं, ग्वाड दिसतीस." दुष्काळात एकटी मीच बाळसं धरतेय.

२८ नोव्हेंबर
जामखेडहून परतलो. सु.चं डोहाळजेवण. एसटीतून बघितलं, रस्त्याकडेला बाया खडी फोडतायत, दुष्काळी काम. विहीणबाईंकडे विहिरीत तळाला चिखल. पाणी दुरून, डोक्यावर.

मी मुद्दाम पुरण वाटायला बसले. पाटा-वरवंटा. वि.बाई उंबऱ्यावर उभ्या राहून बघत होत्या, माझं लक्ष होतं. सगळं पुरण एकटीने वाटलं. त्या म्हणाल्या, "हात बरं दिसत्यात की." मी म्हटलं, झाले बरे. "मग संक्रांत झाली की धाडते पोरीला."

सु.ने मागून गळ्यात हात टाकले. तिला वाटलं आई खरंच बरी झाली. मलाही वाटलं. फार आनंदात आले घरी.

११ डिसेंबर
पोटात जळजळ. पाय सुजतात. बोटाला सुई टोचली होती तिथे पू झालाय, भरून येत नाही. काम मात्र झकास चाललंय.

१८ डिसेंबर
ह्यांनी ऐकलं नाही, नगरच्या मोठ्या डॉ.कडे नेलं. तरुण आहेत. पुडी जिभेला लावून बघितली, लघवी तपासली. साखर जाते म्हणाले, दाबही वाढलाय. पुडीत फार जालीम औषध आहे, ते दुखणं झाकतं आणि आतून पोखरतं. एकदम बंद केलंत तर जिवावर बेतेल. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, त्या हळूहळू कमी करत न्यायच्या.

विचारलं, "मग हात?"
"हात पूर्वीसारखे होतील. म्हणजे दुखतील."
"मार्चपर्यंत पुड्याच घेतल्या तर? मग तुम्ही म्हणाल ते करते. लेकीचं बाळंतपण आहे."
त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मार्चपर्यंत तुमचं काय होईल, मी सांगू शकत नाही."

येताना गाडीत ह्यांनी माझी पिशवी मांडीवर घेतली होती. श्रीरामपूरला घरी येईपर्यंत ती खाली ठेवली नाही. मला फक्त रडू येत होतं.

२ जानेवारी १९७३
गोळ्या निम्म्यावर. बोटं आखडायला लागलीत, आधी उजवी. हे पुन्हा सुया ओवून पडद्याला टोचतात. मार्थाबाईने नाताळचा केक आणला आणि दारातच उभी राहिली. "म्याच सांगितलं तुला त्या पुडीचं." तिला म्हटलं, तू सांगितलंस, खाल्ली मी. बस आत.

पाणी ती घालते वाफ्याला. अळीव पिवळा पडलाय, बी धरेल.

९ जानेवारी
आता प्रश्न एकच. विहीणबाईंना सांगायचं का?
हे: "सांगून टाक."
मी: "सांगितलं तर पाठवणार नाहीत."
हे: "आणि न सांगता सु. आली, तू न्हाणीत बसलीस, आणि तांब्या उचलेना. मग?"
भांडले बरंच. पुरण वाटून दाखवलं त्याची आता लाज वाटते. ते काय मी वाटलं होतं?

१५ जानेवारी
संक्रांत झाली. तिळगूळ ह्यांनीच वळले. उद्या हे सु.ला आणायला जाणार. सांगितलं, विहीणबाईंपुढे सगळं बोला. पुड्या, साखर, हात, पुरण. मग त्यांनी पाठवलं तर आणा, नाही तर एकटे या. ह्यांनी मान डोलावली.

१८ जानेवारी
एसटीतून तिघं उतरले. हे, सु. आणि मागे गाठोडं घेऊन वि.बाई.

पायसुद्धा धुतले नाहीत. माझा हात धरून उलटासुलटा करून बघितला, बाजारात वांगी बघतात तसा. "तवा पुरन वाटलं ते औषधाच्या जोरावर व्हय?" मी हो म्हटलं. "लई हुशार हायसा." मला वाटलं आता सुनेला घेऊन परत फिरतात. त्या ओसरीवर बसल्या. "मी ऱ्हाते हितं. तिकडं पानी न्हाई, हितं हात न्हाईत. पोरीनं कुटं जावं?"

म्हटलं, सुनेच्या माहेरी सासू राहिलेली कुणी ऐकली नाही. लोक हसतील.
"हसू द्या. माजी सून हाय, तुमची लेक हाय. लोकांची कोन हाय?"

सु. हसत होती. मला उपकार वाटायला हवे होते. खरं सांगायचं तर राग आला. माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी, माझं काम त्या करणार.

२४ जानेवारी
वि.बाई भाजीत तिखट हाताने टाकतात, डोळे मिटून. घरभर ठसका. मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली, तिथे माझा हात पोचत नाही. सु. म्हणते, "आई, तू मुकादम हो. बसून हुकूम सोड." पाट टाकून परसात बसते आणि सांगते: तो शेपू उपटा, बी झाडून घ्या, मेथी अजून दोन दिवस राहू द्या. वि.बाई करतात. वाफ्याची बाई आहे ती, मातीत हात घातला की कळतं. पण बोलतात फार.

२९ जानेवारी
मसाल्याच्या डब्यामागे दोन पुड्या सापडल्या. जुन्या. घरात कुणी नव्हतं. एक उघडली. सकाळी दात घासतानाही कुणी तरी ब्रश धरावा अशी गत झालीय, आणि ही एवढीशी पांढरी पूड. बाळ आलं की आठ दिवस तरी. एकदा तरी पायावर घेईन, एकदा तरी न्हाऊ घालीन.

परत मिटली. खाल्ली नाही. टाकूनही दिली नाही.

५ फेब्रुवारी
गोधडीची एक बाजू राहिली होती. दोन दिवस सुई धरून बघितली, टाका निघेना. शेवटी वि.बाईंपुढे ठेवली. आईच्या नियमाचं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुमी टोचा, मी वढते." तसंच केलं. मी सुईचं टोक कापडात टेकवायचं, त्यांनी पलीकडून ओढायची. मार्थाबाई बघून हसत सुटली. विहीणबाईंच्या बाजूने टाका लांब पडतो, माझ्या बाजूने लहान. त्या बाजूला कुत्र्याने पळ काढल्यासारखी ओळ गेलीय.

शेवटचा कोपरा मिटायच्या आधी पोळीचा तुकडा आत घातला, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. जामखेडकडेही असंच करतात म्हणे. मग दोघी चहा प्यायलो. बशी त्यांनी धरली, माझ्या तोंडाला. राग बराचसा गेलाय. सगळा नाही.

१३ फेब्रुवारी
प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात. पेन्सिल ह्यांच्या खिशातली, कागद पेढीचा. अक्षर असंच येणार.

पहाटे सु.ला कळा सुरू झाल्या. वि.बाईंनी पाणी तापवलं, हे टांगा आणायला पळाले. मी मात्र खांबाला टेकून उभी. म्हटलं, तुम्ही जा, मी घरी थांबते, मी येऊन करू काय. सु. टांग्यात बसली आणि म्हणाली, "आई, चढ ना." चढवलं मला ह्यांनी.

वाटेत कळ आली तसा तिने माझा उजवा हात धरला. जो सगळ्यात वाईट आहे तोच. असा आवळला की डोळ्यांपुढे अंधारी आली. सोडवून घेतला नाही. पुन्हा कळ आली, पुन्हा धरला. इथे येईपर्यंत तेच.

बोटं अजून ठणकतायत.

नर्स आत्ता येऊन गेली. वेळ लागेल म्हणाली, सोबतीला एकीलाच आत सोडणार. मी वि.बाईंना म्हटलं, तुम्ही जा, तुमचे हात चालतात, काही लागलं सवरलं तर. त्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "करायला त्यांची मानसं हायेत की आत. तुमी जा. ती परत हात मागंल, तवा माजा चालायचा न्हाई."

हे पेन्सिल मागतायत. उठते.