हौशीरामची चारशे बारा पावलं

जुन्नर,
२४ जानेवारी

तीर्थस्वरूप दाजी यांना अंजनाचा नमस्कार.

आपण सगळे पिंपळवंडीत खुशाल असाल असं धरून चालते. रत्नाताईचा गुडघा आता कसा आहे? तिला तेल लावून दिलं तरी ती ते देवघरातल्या दिव्यात घालते, हे मला माहीत आहे, तेव्हा तेल कोणी लावलं हे विचारून घ्यावं. तुमचा खोकला मात्र बरा नाही, हे मला न विचारताच कळतं, कारण मागच्या खेपेला फोनवर ताईपेक्षा तोच जास्त बोलला. दाजी, तुम्ही मोठे आहात, मी धाकटी मेहुणी आहे, तरी स्पष्ट लिहिते. हा खोकला थंडीचा नाही, तंबाखूचा आहे. दिवाळीत तुम्ही सगळ्यांसमोर पिशवी विहिरीत टाकतो म्हणालात. विहिरीत काय पडलं ते विहिरीला ठाऊक, पण आरती सांगते की वैरणीच्या गंजीमागे अजून मळणं चालू असतं. (सुनेवर रागावू नये, मी शपथ घालून विचारलं होतं.) हे पत्र मिळताच ती कातडी पिशवी चुन्याच्या डबीसकट उकिरड्यावर टाकावी. यात सवलत नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवून अख्ख्या ओसरीनं ऐकायची पद्धत आहे. म्हणून आरतीच्या हाती पाकीट देते आहे. ते चिकटवलेलं आहे, तसंच तुमच्या हातात पडलं का ते पाहावं.

आता इकडची हकीकत. तुम्हाला माहीतच आहे की आमच्या विद्यापीठाच्या इथल्या उपकेंद्रात मी एकवीस वर्षं अधीक्षक आहे, आणि तिथे काही चांगलं करायचं ठरलं की ते माझ्याच गळ्यात येतं. डिसेंबरात मुख्यालयातून परिपत्रक आलं : कर्मचारी निरामय अभियान. सोबत चाळीस सूचनांची पुस्तिका, आणि समन्वयक म्हणून माझं नाव. सूचना वाईट नव्हत्या, फक्त त्या आमच्यासाठी नव्हत्या. लिफ्टऐवजी जिना वापरावा असं लिहिलं होतं. आमचं उपकेंद्र सगळं तळमजल्यावर. आमचे हेडक्लार्क गेणभाऊ पुस्तिका घेऊन माझ्याकडे आले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "म्याडम, लिफ्ट न्हाई तर न्हाई, पन जिना तरी मंजूर करून घ्या." दर पाऊण तासानं खुर्चीतून उठून दोन मिनिटं हातपाय मोकळे करावेत, असंही होतं. सगळे उठू लागले, पण परत बसायला कोणाला अर्धा तास, कोणाला चहाचे दोन कप लागू लागले. एका खिडकीपाशी एक विद्यार्थी बोनाफाइड दाखल्यासाठी दुपारभर उभा होता. त्या दिवशी हातपाय सर्वांत मोकळे त्याचे झाले असावेत.

सूचना क्रमांक सात : सूर्योदयापूर्वी एकट्यानं, शांतपणे, श्वासाकडे लक्ष देत चालावं. ही मी फलकावर लावली, तर तिच्या शेजारी वनखात्याची सूचना आधीच लावलेली : बिबट्याचा वावर असल्यानं पहाटे एकट्यानं फिरू नये, हातात काठी व बॅटरी ठेवावी, मोठ्यानं बोलावं किंवा गाणी लावावीत. दोन्ही सरकारी, दोन्ही सहीशिक्क्याच्या. कोणती पाळायची, असं मी लेखी विचारलं. उत्तर आलं, दोन्ही. मग आम्ही अकरा जण काठ्या, बॅटऱ्या आणि गेणभाऊंच्या मोबाइलवरची गाणी घेऊन उसाच्या कडेच्या रस्त्यानं निघालो. लोक दारात येऊन विचारू लागले की वरात कोणाची. श्वासाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून मी एकटीच तयार होऊन फाटकाशी उभी राहत होते, म्हणून तो कार्यक्रम बंद केला.

मग जानेवारीत मनगटाचे पट्टे आले. घड्याळासारखा काळा रबरी पट्टा, तो कर्मचाऱ्यानं कामाच्या वेळात घालायचा, दिवसाची पावलं मोजून तो परस्पर पुण्याला कळवतो. पट्टा मनगटावरच पाहिजे, अशी सक्त सूचना. शेवटच्या दहा दिवसांची सरासरी पाच हजारांच्या वर गेली पाहिजे. ज्यांची जाणार नाही त्यांना नऊ ते पंधरा फेब्रुवारी पुण्याला सात दिवसांचं निवासी जीवनशैली सुधार शिबिर, रजा मिळणार नाही.

पहिल्या आठवड्याची यादी आली आणि मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. पहिले गेणभाऊ, रोज चौदा हजार. हे गेणभाऊ खुर्चीवर बसले की खुर्ची आणि ते एकत्रच निवृत्त होतील असं वाटतं. शेवटचा हौशीराम शिपाई, रोज चारशे बारा. हौशीराम म्हणजे डिंगोऱ्याचा, तुम्ही पाहिला आहे, मागे ताईला दवाखान्यात नेताना ज्यानं रिक्षा आणली तो. सकाळी आठला कुलपं उघडतो, संध्याकाळी सहाला लावतो, मधल्या वेळात चहाचा ट्रे, रजिस्टरं, प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे घेऊन या टोकाचा त्या टोकाला. बिचारा पट्ट्याकडे पाहत म्हणाला, "बाई, मी दिसभर हिंडतोय, आन हे म्हनतंय मी बसलोय. आता हे खरं का मी खरा?" मला हसू आलं नाही, कारण बारा फेब्रुवारीला त्याच्या समृद्धीचं लग्न आहे. एकुलती एक मुलगी. पत्रिका छापून झाल्या, पाहुण्यांना आमंत्रणं गेली, आणि बाप त्या दिवशी पुण्यात योगासनाच्या चटईवर ताणतणावाचं व्यवस्थापन शिकत पडलेला असणार.

यंत्र बिघडलं असेल म्हणून मी पट्टे अदलाबदल करून पाहिले. काही फरक नाही. गेणभाऊंच्या हातात हौशीरामचा पट्टासुद्धा धावत सुटला. कोडं सुटलं ते वेगळ्याच कारणानं. पुस्तिकेतली सूचना क्रमांक एकोणीस, तंबाखूमुक्त परिसर. मी ती मनापासून राबवली. फाटकासमोरची टपरी हलवली, 'येथे तंबाखू सेवन केल्यास नाव फलकावर लिहिले जाईल' असा फलक माझ्या सहीनं लावला, आणि मंगळवारी सकाळी गेणभाऊंचा खण उघडायला लावून पिशवी जप्त केली. स्वतःच्या हातानं घंटागाडीत टाकली. त्या दिवशी गेणभाऊंची पावलं अकराशे भरली. बुधवारी नऊशे. गुरुवारी ते डोकं धरून बसले आणि एका टपालावर तीन वेळा शिक्का मारला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. घड्याळ डावीकडे म्हणून ते पट्टा उजव्या हाताला बांधतात. डाव्या तळव्यावर उजवा अंगठा सकाळपासून फिरत असतो, पट्टा समजतो माणूस चालतो आहे. एक चिमूट मळायला त्यांना दोनशे ऐंशी पावलं लागतात, त्यांच्या खिशाच्या कोपऱ्यात उरलेली शेवटची चिमूट मळायला लावून मी खडू घेऊन समोर उभी राहून मोजलं. आणि हौशीराम चालतो खरा, पण दोन्ही हातांत ट्रे घट्ट धरून. हात हलत नाही, म्हणजे माणूस बसलेला. चहा न सांडणं ही त्या माणसाची आयुष्यभराची कला, तीच त्याच्या मुळावर आली. एक दिवस मी त्याला एका हातात किटली देऊन दुसरा हात जोरात हलवत चालायला सांगितलं. पावलं तीन हजार झाली, पण चहा संचालकांच्या फाइलवर, आणि हौशीराम चालताना असा दिसला की दोन विद्यार्थ्यांनी त्याला सलामी दिली.

मी हे सगळं सविस्तर मुख्यालयाला लिहिलं. तक्ता जोडला. हौशीराम दिवसाला अंदाजे अकरा किलोमीटर चालतो, हे मी दोरीनं व्हरांडा मोजून दाखवलं. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिकाही जोडली. उत्तर चौथ्या दिवशी आलं : यंत्राची नोंद अंतिम मानण्यात येईल, पत्रिकेबद्दल वधूवरांस शुभेच्छा.

दाजी, तुम्ही मला ओळखता. एकवीस वर्षांत मी हजेरीपटावर एक खोटी रेघ मारलेली नाही. संचालक म्हणाले होते, तुमच्याकडे मोबाइलवर आकडा दुरुस्त करायची सोय आहे, करून टाका. मी नाही म्हटलं. खोटा आकडा माझ्या हातानं लिहिला जाणार नाही. हे तुमच्या कानावर असावं म्हणून एवढं लांबलं.

बाकी सर्व ठीक. ताईला रोज अंगणात पंचवीस फेऱ्या मारायला लावाव्यात. पाणी भरपूर प्यावं. मीठ कमी, लोणचं बंद. आरतीला व नातवंडांना आशीर्वाद.

आपली,
अंजना

ता.क. : हा भाग ताईला वाचून दाखवू नये. ती कातडी पिशवी उकिरड्यावर टाकू नये. टाकली असल्यास झटकून परत आणावी. दहा दिवसांची मोजणी अठ्ठावीस तारखेपासून सुरू होते. हौशीरामचा पट्टा गेणभाऊ आपल्या पट्ट्याशेजारीच घालतील, असं आमचं ठरलं आहे. आकडा मी लिहिणार नाही, यंत्र लिहील. पण गेणभाऊ म्हणतात, "म्याडम, रिकामा अंगठा फिरत न्हाई. करून बघितलंय." तेव्हा परवा संकष्टीला ओझरला दर्शनाला याल तेव्हा घरातली सगळी पान-तंबाखू आणि चुना एखाद्या लाडवाच्या डब्यात घालून आणावा. मी चपलांच्या स्टँडपाशी उभी असेन. जुन्नरात ती मी विकत घेऊ शकत नाही, कारण इथल्या प्रत्येक टपरीवाल्याला मी एकदा तरी झापलेलं आहे. गेणभाऊंनाही कोणी देत नाही, माझ्याच भीतीनं. मळायची तेवढी मळतील, तोंडात टाकणार नाहीत, असं त्यांच्याकडून लेखी घेतलं आहे. (त्यावर माझा विश्वास नाही.)

ता.क. २ : दुसरा पट्टा तूच का घालत नाहीस, असं तुमच्या मनात येईल. यादीत मी दुसरी आहे, रोज नऊ हजार, आणि मला त्याचा अभिमान होता. परवा कँटीनवाल्याला खुर्चीत बसूनच दहा मिनिटं सुनावलं आणि पट्टा पाहिला, तर सहाशे चाळीस पावलं वाढलेली. गेणभाऊ म्हणाले की हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बोलताना हात फार हलवते म्हणे. हौशीरामसाठीही तसंच करायला मी तयार होते, पण या अभियानानं सगळे इतके सुधारले आहेत की आणखी पाच हजार पावलांना पुरतील एवढ्या चुका आता इथे होत नाहीत.

ता.क. ३ : लग्न बारा तारखेला, दुपारी साडेबाराला, डिंगोऱ्यात. तुम्ही व ताई दोघांनी यायचं आहे. तंबाखू सोडण्याविषयी वर जे लिहिलं आहे, ते तेरा फेब्रुवारीपासून अमलात आलं असं समजावं.