पुसलेले सोने

सांडोर, वसई
८ फेब्रुवारी १९५४

प्रिय क्लेमेंट,

एडनहून लिहिलेस, आधी पुस्तकाचे सांग, मग बाकीचे. जाताना बंदरावर तू लग्नाचे विचारलेस, तेव्हा मी म्हणाले होते, पुस्तक पुरे होऊ दे, मग उत्तर देते. तू हसलास. पण मला एका वेळी एकच काम नीट जमते.

तुझ्या कपाटातली बाकीची पुस्तके बोटीवाल्यांकडून आलेली. हे एकच घरचे. तुझी आई, म्हणजे माझ्या मटिल्डामावशी, ते उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत, म्हणून वाचनालयातले पुस्तकबांधणीचे काम संपले की शनिवारी मीच हत्यारे घेऊन तुमच्या घरी नंदाखालला जाते. ते काळे कातडे काळे नाहीच, क्लेमेंट. दर नाताळाआधी मावशी घरच्या आल्तारावरच्या लाकडी संतमूर्तींना खोबरेल चोळतात, तेव्हा पुस्तकालाही चोळतात. तुझ्या आजीनेही तेच केले असणार. मी बेन्झिनचा बोळा फिरवला, तर खालून तांबूस वासराचे कातडे आले, आणि त्यावर सोने. पहिला वेल दिसला तेव्हा मी बोळा खाली ठेवला आणि पुस्तक खिडकीच्या उजेडात नेले.

पुस्तक व्हेनिसचे, प्रबोधनकाळातले, हे तू सांगितले होतेसच. पण त्या कारागिराची नजर आपल्या बाजूला होती. काठावरची गुंतलेली गाठ पूर्वेकडच्या बांधणीतली आहे. त्याच्याकडे ठसे दोनच, एक गाठ आणि एक पान. पान उलटसुलट फिरवून त्याने अख्खी बाग उभी केली. एका ठशाची कड तुटकी आहे, म्हणून तो प्रत्येक ठिकाणी ओळखू येतो. मी सगळे कागदावर उतरवले. प्रत सोबत आहे. जेवायला मावशींनी तीनदा हाक मारली, मग म्हणाल्या, ही पुस्तकच खाणार आज.

फक्त मधोमध सोने नाही. सोने गेले असेल तिथे नवे भर, असे तू कळवले होतेस. मला वाटले उंदीर. पण दातांची खूण नाही. ओल म्हणावी, तर डाग नाही. भिंगातून कातडे गुळगुळीत दिसले, वर्षानुवर्षे झिजल्यासारखे. तरी मी सोने चिकटायला अंड्याचा पांढरा बलक फेटला, सोन्याचा वर्ख कापला, ठसा निखाऱ्यावर ठेवला. तेवढ्यात मावशी ओटीवर आल्या आणि ठसा पाहून म्हणाल्या, "तिथं नको गं भरू. आमच्या घरातल्या सगळ्या सुनांनी तिथं हात ठेवलाय."

नवी सून आत आली की चुलीकडे जाण्याआधी आल्तारापुढे या पुस्तकावर उजवा हात ठेवते. तुला ठाऊक नसणारच. त्या वेळी पुरुष बाहेर मांडवात असतात, आणि बायकांना हे सांगण्याजोगे वाटले नाही. पुस्तक नवे दिसावे म्हणून तू जे भरायला सांगितलेस, ते त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या झिजवले होते. मी ठसा निखाऱ्यावरून काढला. बलक वाया जाऊ नये म्हणून मावशींनी त्याचा पोळा केला.

तेव्हा पुस्तक पुरे झाले. ती जागा तशीच राहील. नोंदीसाठी मी ती मोजपट्टीने मोजली. हाताने नाही. मावशी शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी तोंड फिरवून घेतले, म्हणजे मला हवे तर हात ठेवून पाहता यावा. पण तो पाहण्यासाठी ठेवायचा हात नव्हे. ईस्टरनंतर मे महिन्यात रजा मिळते का, ते विचार. मी आत जाईन तेव्हा तू मांडवात थांबायचेस.

तुझीच,
इनेझ