गाडी तापू नये म्हणून

३ जानेवारी
झुलाल आपला ट्रक घेऊन दिल्लीला केळी खाली करून आला. उतरल्या उतरल्या रडगाणं! "नाना, हिटर थंडी हवा फेकस. काचवर बाफ धरस, रस्ता दखास नही." खिडकी उघडी ठेवून गाडी आणली म्हणे. बाहेर धुकं, आत वाफ. हात दाखवले—सुजलेले, चिरलेले. म्हटलं, ड्रायव्हर आहेस का जावई? हमाल खो खो हसले. पन्नाशीचा बाप्या, आणि थंडीला भितो!

४ जानेवारी
बन्सीलाल मिस्त्रीकडे गाडी नेली. झुलालचं तोंड बंद करायला, दुसरं काही नाही. बन्सीलालने रेडिएटर उघडून बघितला, पाणी पूर्ण. हिटरचे दोन्ही पाइप चाचपले, जेमतेम कोमट. इंजिन किती वेळ चालू, तरी तापमानाचा काटा तळालाच. "हिटर बेस शे नाना. इंजिनच तपस नही, त हिटर काय देई?"

मग माझ्याकडे बघितलं त्याने. मेमध्ये बिजासन घाटात गाडी उकळली तेव्हा मीच त्याला थर्मोस्टॅट काढायला लावला होता. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरतो तो वॉल. फॅनचा क्लचही जाम करून टाकला—इंजिन चालू की फॅन चालू, थंडी असो वा ऊन. यात माझं काय चुकलं? चोपड्यापासून धुळ्यापर्यंत जुन्या गाड्या उघडून बघा, एकीत तो वॉल सापडला तर मिशी काढीन! इकडचं ऊन काय असतं ते दिल्लीवाल्यांना काय माहीत.

बन्सीलाल म्हणाला, वॉल बसवतो, फॅन मोकळा करतो, एक दिवस द्या. म्हटलं, आणि उन्हाळ्यात परत काढायला कोण येईल, तुझा आजा? गाडी घेऊन घरी आलो.

५ जानेवारी
झुलालला उपाय सांगितला—काचेला तंबाखू चोळ, वाफ धरत नाही. बायको आतून म्हणाली, "तुम्हीच जाऊन चोळा एकदा." ही हल्ली फार बोलायला लागली आहे.

७ जानेवारी
माल भरला, ताडपत्री बांधली, आणि झुलाल अडून बसला. "पयले काच साफ करा नाना. तोवर मी स्टेरिंगले हात लावत नही." सगळ्यांसमोर! माझ्या तोंडावर!

डोकंच फिरलं. म्हटलं, मग बांगड्या भर, आणि तुझ्या तानुबाईला बसव स्टेरिंगवर. बायकोचं नाव घेतल्यावर मात्र त्याची मान खाली गेली. मला बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू?

तेवढ्यात कुंदन पुढे झाला. "मी नेतो नाना." माझा पोरगा! पुढच्या महिन्यात लग्न आहे, पण भीती म्हणून नाही. छाती फुगली माझी. त्याला तो रस्ता माहीत नाही, म्हणून झुलालला शेजारी बसवलं. म्हटलं, रस्ता दाखव आणि फडक्याने काच पूस, तुझी लायकी तेवढीच.

बायकोने कुंदनच्या पिशवीत दोन गोधड्या कोंबल्या.

८ जानेवारी
इंदूरहून कुंदनचा फोन. "थंडी शे, पण चालस." म्हटलंच होतं! झुलालला ऐकू जाईल असं पुन्हा बोल म्हटलं. बोलला.

९ जानेवारी
पहाटे फोन आला. मध्य प्रदेशातल्या गुना गावाच्या पुढून. कुंदन नुसता रडत होता. "काहीच दिसलं नाही नाना... काहीच नाही. झुलालभाऊ काच पुसतच होते..." सायकलवर एक दूधवाला होता. जागीच गेला.

खालीच बसलो. पोराला लागलं का, पोराला लागलं का—दुसरं काही सुचेचना. नाही लागलं. खरचटलंही नाही! देवापुढे नारळ ठेवला. दूधवाल्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

लग्न तोंडावर आलंय. मुलीकडच्यांना काय सांगू? कुंदनला म्हटलं, रडणं बंद कर. पोलीस पोचायच्या आत फोन झुलालकडे दे.

११ जानेवारी
झुलालने जबाब लिहून दिला—गाडी मीच चालवत होतो. मला फार बोलावं लागलं नाही. तानुबाई आणि पोरी आपल्याच मळ्यातल्या खोलीत राहतात, एवढंच त्या फोनवर म्हणालो. झुलाल म्हणाला, "हा नाना."

कुंदन घरी आला. आंघोळ केली, दोन घास खाल्ले, झोपला.

संध्याकाळी तिकडच्या पोलिसांचा फोन. हिटर चालत नाही, काचेवर वाफ धरते, असं ड्रायव्हरने तुम्हाला कधी सांगितलं होतं का?

म्हणालो, कधीच नाही.