भिंतीवरचा माणूस

आबा, तुमचा चेहरा कसा होता, हे विचारायला आईशिवाय कुणी उरलं नाही. तिला विचारून झालं, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे. तुमची बोटं मला आठवतात. सांगलीच्या पेढीवर हळद हाताळून नखांच्या कडा कायम पिवळ्या असायच्या. हळदीचे नमुने घेऊन तुम्ही मुंबईला जायचात आणि काम उरकलं की गळ्यात कॅमेरा अडकवून गल्ल्यांतून फिरायचात. मी साताऱ्याला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात. भेटायला येताना तुम्ही खाऊऐवजी फोटो आणायचात. हातगाड्या, दोऱ्यांवरचे कपडे, त्यांच्यामागे धुरकट होत गेलेली उंच इमारतींची रांग. एकदा मी वेण्या पुढे घेऊन ताठ उभी राहिले आणि म्हटलं, माझा काढा. तुम्ही रागावलात. "सांगून फोटू काढला की माणूस दुसराच हुतोय गं. मी हाय ह्ये इसर, मग काढतो."

कॅमेऱ्यामागे सदा तुम्हीच, त्यामुळे तुमचा फोटो कुणी काढलाच नाही. लग्नातला एक होता, तो कृष्णेच्या पुरात गेला. तुम्ही गेलात तेव्हा तेराव्याला हार घालायला घरात चेहराच नव्हता. तो दिवस अजून दिसतो: आई तुमचे मुंबईचे फोटो चाळते आहे, मी तिच्या शेजारी बसले आहे. मशीद बंदरच्या एका गल्लीत, हातगाडीपाशी एक माणूस थेट कॅमेऱ्याकडे बघतो आहे. "ह्येच की," आई म्हणते. "कुणाच्या तरी हातात दिला आसंल कॅमेरा." तो फोटो मोठा करून घ्यायला आम्ही स्टुडिओत जातो. स्टुडिओवाला डोळे बारीक करतो. "वहिनी, तोंड शेंगदाण्याएवढं हाय. मोठं केलं तर पुसट येणार." "येऊ दे. वर फेटा रंगवा. आमच्यात बोडक्या डोक्यानं लावत न्हाईत." फेटा मात्र झकास आला. त्या फोटोपुढे उभी राहून मी शाळेचा निकाल सांगितला, लग्न ठरल्याचं सांगितलं, आणि नवरा गेला तेव्हा काहीच न बोलता तिथेच बसून राहिले.

निवृत्तीनंतर मलाही तुमचाच नाद लागला. यंदा मुंबईला लेकीकडे गेले असताना एका सकाळी मशीद बंदरला गेले. गल्लीच्या टोकाशी नवे टॉवर उभे राहिलेत, त्यांचा फोटो काढला. दुकानं उघडायची होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं, म्हणून तर काढला. घरी कॉम्प्युटरवर मोठा करत होते, तर लेक मागून म्हणाली, "अगं आई, हे तर आजोबा!" तो हातगाडीपाशी उभा होता. डोक्यावर फेटा नव्हता. वय तेवढंच. आणि माझ्याकडे बघत होता.

तो फोटो घेऊन मी सांगलीला आले. आईने तो डोळ्यांजवळ धरला. दचकली नाही. "ह्यो तुझा बाप न्हवं," म्हणाली. "फोटू मोठा हून आला तवाच कळलं. ह्यांचं कान येवढं न्हवतं."

"मग लावलास कशाला?"

"पंगत बसली हुती. दुसरं तोंड कुठनं आणू?" मग भिंतीकडे बघत सावकाश म्हणाली, "दर म्हाळाला ह्याच्याच म्होरं ताट वाढलंय. जित्या माणसाला मेल्याचं ताट. आता त्यो दुसरीकडं कुठं जाईल? आपल्याच माणसांकडं बघणार की."

"आणि आबांपुढे कुणी वाढलं गं?"

तिने हातातला फोटो उपडा ठेवला. मी तिचा हात धरून विचारलं, निदान एवढं सांग, ते दिसायचे कसे? तिने डोळे मिटले. "लय वर्सं बघितलं गं ह्याला," ती म्हणाली. "आता डोळं मिटलं की ह्योच येतोय."

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि लिहिताना डोळ्यांपुढे कोण होतं तेही मी सांगू शकणार नाही. परवा कॅमेरा घेऊन पुन्हा त्या गल्लीत जाणार आहे. लेकीला सांगितलंय, आबांना शोधायला जाते. ते खरं नाही, आबा. मला त्याचीच आठवण येते.