परसातली शिशाची चूल

चंदीगड, पौष वद्य पंचमी, १९८८

चि. दिगंबर यास दादाचे मनापासून आशीर्वाद.

वर्तमानपत्र वाचून घाबरू नकोस. दोन दिवस संचारबंदी होती. मी खोलीवर जप केला, खिचडी खाल्ली. धुक्यात सगळे शहर पाण्याखाली झोपल्यासारखे दिसत होते. आईचा खोकला कसा आहे?

माझे काम काय, असे तू विचारले होतेस. प्रयोगशाळेच्या गच्चीवरच्या यंत्राने हवा ओढून तिच्यातली धूळ पांढऱ्या कागदावर धरतो. मग तो कागद छातीतल्या ओलाव्यासारख्या खारट पाण्यात, अंगाच्या उबेत, सावकाश हलत ठेवायचा. धुळीतले जेवढे शिसे पाण्यात उतरेल, तेवढे विष शरीरात भिनणारे. चोवीस तासांनी कागद काढायचा असतो. संचारबंदीमुळे तो तीन दिवस आत राहिला. शिसे जवळजवळ दुप्पट उतरले.

नमुना फुकट गेला म्हणून मी हळहळलो, तर सोबतचे बलविंदरजी म्हणाले, "पंडितजी, छाती में गई धूल चौबीस घंटे बाद कौन निकालता है?"

तेव्हापासून देवापुढे डोळे मिटले की आपले परसदार दिसते. तू चुलीवर शिसे वितळवून मासेमारीच्या जाळ्यांना लावायच्या गोळ्या ओततो आहेस, निळसर धूर माडांत तरंगतो आहे आणि तुझी छोटी खाली राखेत रांगते आहे.

वडिलांनी बांधलेली चूल आहे, जाणतो. तरी ती मोड. गोळ्या विकत आण. त्यांची क्षमा मी इथे रोज मागतो आहे.

तुझा,
रघुवीरदादा