पॅडल अजून मऊ लागतं

प्रिय फोरमनबाई,

बाबांनी ठेवलेलं हे नाव तुला आता आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आज तेच लिहावंसं वाटलं, तर थोडं सोसून घे. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. घर केवढंसं आपलं, आणि तुझ्या बाबांचे कान अजून चांगले तिखट आहेत. मी फोन कानाला लावला की आधी स्पीकर लाव म्हणतात. शिवाय मला अधूनमधून थांबून विचार करायचा आहे, आणि फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. या बाबतीत तू थेट बापावर गेली आहेस.

तर बातमी आपल्या गाडीची. बाबांच्या डोक्यात बसलंय की या वेळी तुझ्याकडे स्वतः गाडी चालवत यायचं, मला शेजारी बसवून. त्यासाठी त्यांनी गाडी तपासायला घेतली. पुढचे ब्रेक चाकं धरून ठेवत होते, म्हणून दोन्ही चाकांचे कॅलिपर, म्हणजे पॅड आवळून चाक थांबवणारे जबडे, नवे आणले, पॅड नवे आणले आणि अंगणात गाडी जॅकवर चढवली. मी म्हटलं, वर्कशॉपात न्या की. तर म्हणाले, जिथे मी पोरांना पाना धरायला शिकवलं तिथे आता गिऱ्हाईक म्हणून बाकावर बसू? काम मात्र देखणं केलं हो. प्रत्येक बोल्ट घासून पुसून माझ्याच भांड्यात ठेवला, माझ्याच चांगल्या भांड्यात. सगळं बसलं, चाकं चढली, आणि पॅडल दाबलं तर ते पार खाली गेलं. तुझ्या गावाच्या आधीचा तो लांबलचक उतार आठव, जिथे ट्रकवाले कडेला थांबून ब्रेक थंड करतात. त्या उतारावर या गाडीतून मला नेणार आहेत तुझे बाबा. आणि त्यांना नको म्हणणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

मग सुरू झालं हवा काढण्याचं काम. तू इथे असताना पॅडलवर तू बसायचीस, आता मी बसते. ते चाकापाशी उकिडवे बसून तिथून आज्ञा सोडतात, दाब, धर, सोड. लग्न झाल्यापासून मी या माणसाचं इतकं ऐकलं नव्हतं. नळीतून ब्रेक ऑईल बाटलीत येतं, सुरुवातीला बुडबुडे येतात, मग निव्वळ ऑईल. बुडबुडे थांबले की ते खूश होतात, मला म्हणतात आता बघ. मी बघते, तर पाय भिजवलेल्या कणकेत घातल्यासारखा जातो. लागोपाठ पंप मारला की पॅडल कडक होतं, जरा थांबलं की पुन्हा मऊ. चारही चाकांवरून आमच्या अशा कितीतरी प्रदक्षिणा झाल्या. माझी पिंढरी दुखायला लागली, पण ते थांबायचं नाव घेईनात.

एके दिवशी त्यांनी फार हुशारीचं काम केलं. पुढच्या दोन्ही रबरी नळ्यांना चिमटे लावले आणि मला दाब म्हणाले. पॅडल दगडासारखं कडक. चिमटे काढले की पुन्हा मऊ. मला समजावून सांगितलं, अगदी तुला सांगायचे तसं, की पॅडलचा दाब नळ्यांत ढकलणारा वरचा मास्टर सिलिंडर ठणठणीत आहे, मागचीही चाकं ठीक आहेत, दोष पुढेच आहे, सापडला चोर. त्या दिवशी जेवताना शीळ घालत होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून नवा मास्टर सिलिंडर घेऊन आले. मी म्हटलं, अहो, काल तर तुम्ही म्हणालात की तो चांगला आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, कधी? रागावून नाही गं. खरंच विचारलं. मी म्हटलं, माझंच काहीतरी ऐकण्यात चुकलं असेल, आणि आत जाऊन उगाच भांडी घासत बसले.

नवा सिलिंडर बसला, पॅडल तसंच. तशातच गाडी गल्लीतून फिरवून आणतो म्हणाले. मी शेजारी बसले, दुसरं काय करणार. कोपऱ्यावर गाडी थांबता थांबता समोरच्या कचऱ्याच्या डब्याला टेकली. डबा आडवा झाला, एक मांजर शिव्या घालत पळालं, आणि आम्ही दोघं हसलो. मी जरा जास्तच हसले. परतताना आपल्याच वळणावर त्यांनी मला हळूच विचारलं, डावीकडे ना? मी हो म्हटलं.

त्यांचा जुना शागीर्द, जो आता वर्कशॉप चालवतो, तो सहज म्हणून आला. सहज कसला, मीच निरोप पाठवला होता. चहा घेतला, उस्तादांच्या पाया पडला, गाडीभोवती फिरला, चाकामागे वाकून पाहिलं. उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. बाबांनी विचारलं, काय वाटतं रे? तर म्हणाला, उस्ताद, तुमच्यासमोर मी काय सांगणार. जाताना फाटकापाशी मला म्हणाला, काकू, चावी जरा तुमच्याजवळ ठेवा. एवढं बोलून गेला. इतका मोठा बाप्या, पण चूक दिसूनही उस्तादांना सांगायला त्याची जीभ रेटली नाही.

मग ते दुपारी झोपल्यावर मी स्वतः जाऊन वाकले. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण जन्म कपडे शिवण्यात गेला माझा. दोन बाह्या टेबलावर ठेवल्या तर सारख्याच दिसतात, पण डावी उजवीकडे लावली की अंगात घातल्याबरोबर कळतं. तेच झालं होतं. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे. हवा काढायचं निपल वर असायला हवं ते दोन्हीकडे खाली तोंड करून बसलं होतं. वरची हवा वरच, आम्ही खालून ऑईल काढत बसलो. हवा वर जाते, निपल वर ठेवा, हे वाक्य तुझ्या बाबांनी किती पोरांच्या टाळक्यात टपली मारून भरलंय, तुझ्यासुद्धा. मी चाकापाशी मातीत बसून राहिले. मला रडूही येईना.

त्यांना सांगायचं कसं? ब्रेकचं सांगणं सोपं होतं, अर्ध्या दिवसाचं काम. पण त्या एका वाक्यात त्यांना बाकीचंही सगळं कळलं असतं, जे मी कधीपासून झाकत आले आहे. तुलाही सांगितलं नाही. चष्मा फ्रिजमध्ये सापडणं, एकच गोष्ट जेवताना दोनदा सांगणं, आपल्या वळणावर अडखळणं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, तूच जा, तुझाच रक्तदाब वाढलाय. मला भीती वाटते गं. या माणसाच्या हातांच्या भरवशावर मी आजवर निर्धास्त झोपले, आणि आता त्या हातांवर नजर ठेवायची म्हणजे काय करायचं, ते मला कोणी शिकवलं नाही. मी चावी धान्याच्या डब्यात लपवली.

आणि आज सकाळी त्यांनी स्वतःच पाहिलं. चाक काढलं, जरा वेळ टक लावून बसले, आणि मोठ्याने हसले. मला हाक मारून म्हणाले, बघ तुझ्या लाडक्या लेकीचे प्रताप, डावं उजवं कळत नाही आणि निघाली ब्रेक बसवायला. तू इथे येऊन गेलीस त्याला वर्ष होऊन गेलं, पण त्यांना तू परवापर्यंत शेजारी बसलेली आठवतेस, पाना हातात देताना. मी म्हटलं, हो, तिचीच चूक. त्यांनी दुपारपर्यंत दोन्ही कॅलिपरांची अदलाबदल करून हवा काढली, पॅडल आता कडक आहे, आणि तुझी खरडपट्टी काढल्याशिवाय निघायचं नाही असं ठरवून बसले आहेत. तुझी रात्रपाळी आहे, रविवारीच फोन करा, असं खोटं सांगून मी त्यांना थोपवलंय, आणि हे कुरिअर त्याआधी तुला मिळेल. फोन आला की नाही म्हणू नकोस बाळा. म्हण, हो बाबा, मीच लावले. म्हण, माझी चूक मला नीट कळलेली नाही, मी येते, तुम्ही गाडी काढू नका, मला अंगणात बसवून पुन्हा पहिल्यापासून शिकवा. मध्ये बोलू नकोस आणि घाई करू नकोस. त्यांना पोटभर रागावू दे, कारण तुला रागावताना ते अजून अगदी पहिल्यासारखे असतात.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
आई