दिवा लावायच्या आधी

आई, दिवेलागण झाली आहे आणि मी अजून दिवा लावलेला नाही. तू असतीस तर उंबऱ्यातूनच ओळखलं असतंस आणि विचारलं असतंस, आज कोणाचा राग बसला आहे घरात? घरात मी एकटीच आहे वं. खिडकीशी बसून उरलेल्या उजेडात तुला लिहिते आहे.

आपल्या घरचा तो नियम मी पुढे ज्यांना ज्यांना सांगितला ते सगळे हसले. सूर्य मावळायच्या आत राग मिटवावा, हे शास्त्रात आहे आणि सगळ्याच ख्रिस्ती घरांत वाचतात. तू मात्र ते धरूनच बसलीस. मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगच्या आवारातल्या आपल्या त्या एका खोलीत, संध्याकाळच्या प्रार्थनेआधी, ज्याचा ज्याच्यावर राग असेल त्याने तो त्याच्या तोंडावर सांगायचा, आणि तोवर कंदिलाला काडी लावायची नाही. मग बसा अंधारात. बाबांनी मिलमधल्या कोणाला तरी सायकल दिली आणि त्याने ती मोडून आणली, तेव्हा तुम्ही दोघं किती वेळ तसेच बसला होतात. तू बोलायची नाहीस, बाबा बोलायचे नाहीत, आणि मी मध्ये भुकेली. शेवटी शेजारची काकू रॉकेलची बाटली घेऊन दारात आली. काहून वं, तेल संपलं का, म्हणाली. तू आतूनच सांगितलंस, "तेल आहे बाई, अक्कल संपली." बाबांना हसू फुटलं आणि आपल्याला जेवायला मिळालं.

लोक मला म्हणतात, तुझी आई किती शांत होती. मला तर हसूच येतं. तुझ्यासारखी तापट बाई मी दुसरी पाहिली नाही. बोर्डिंगच्या मुलींचा सगळा स्वयंपाक तुझ्या हाताखाली. तू चिडलीस की परातीतल्या कणकेवर असे गुद्दे बसायचे की मुली खूश व्हायच्या, आज पोळ्या मऊ मिळणार. तुला त्याची लाज नव्हती. राग आला की आला. शाळेत बाईंनी मला उगाच वर्गाबाहेर उभं केलं होतं, त्या दिवशी मी चुलीजवळ येऊन बसले आणि तू दोनदा विचारलंस तरी म्हटलं, मी रागावलेच नाही. तू लाटणं खाली ठेवलंस. तुझा तो चेहरा मला अजून दिसतो.

"खोटं बोलू नको," तू म्हणालीस. "राग येणं पाप नाही. प्रभूलेही आला होता, मंदिरात बाजार मांडलेला पाहून. पण तो घरी जाऊन तोंड फुगवून बसला नाही. ज्याईचा राग आला त्याईच्या समोर उभा राहिला. लपवलेला राग नासते पोरी, मग घरभर वास सुटते."

दुसऱ्या दिवशी मला बाईंकडे पाठवलंस. शिवी द्यायची नाही, रडायचं नाही, काय झालं आणि काय वाटलं एवढंच सांगायचं, आणि सांगून झालं की तोच विषय चार घरी घेऊन फिरायचं नाही. बाईंच्या दारातून मी दोनदा परत फिरले. पण सांगितलं मी. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी वर्षानुवर्षं बसले, पण माझं खरं शिक्षण तुझ्या चुलीपाशीच झालं.

पण आज लिहायला बसले ती त्या प्रभुभोजनाच्या रविवारासाठी. आपल्या मंडळीत एका सफाई कामगाराच्या कुटुंबाचा बाप्तिस्मा झाला होता. नवरा, बायको आणि कडेवरचं लेकरू. तेव्हा चर्चमध्ये एकाच प्याल्यातून सगळे द्राक्षारस घ्यायचे. मंडळीचे मुख्य पंच बाकांच्या कडेला उभे राहून एकेक ओळ पुढे सोडायचे, आणि त्या रविवारी या कुटुंबाची ओळ आली तेव्हा त्यांनी हात आडवा धरला. तुम्ही नंतर. सगळ्यांचं झाल्यावर ते तिघं पुढे गेले. ती बाई परत येताना जमिनीकडे बघत होती. तू ते पाहिलंस.

पंच म्हणजे नुसते चर्चचे पंच नव्हते. बोर्डिंगचा कारभारही त्यांच्याच हातात होता. तुझं काम त्यांच्या शब्दावर, डोक्यावरचं छप्परही त्यांच्याच शब्दावर. बाबा म्हणाले, जाऊ दे, आपण लहान माणसं. तू पदर खोचलास आणि ऊन उतरायच्या आत त्यांच्या बंगल्यावर जाऊन आलीस. त्यांनी तुला बसायलाही सांगितलं नाही. मंडळी फुटेल, हळूहळू होईल सगळं, आणि बाई, तुम्ही कोणाच्या खोलीत राहता ते विसरू नका, असं म्हणाले. तू घरी येऊन काडी ओढलीस आणि कंदील लावलास. मी विचारलं, मिटलं का? तू म्हणालीस, "माह्याकडून सांगून झालं. आता तो राग त्याईच्या घरी आहे."

पुढच्या महिन्याचा रविवार. तू तुझ्या नेहमीच्या बाकावर आहेस, मी शेजारी. पंच ओळी सोडताहेत. आपली ओळ येते, मी उठते, आणि तू उठतेस ती प्रभुभोजनाच्या मेजाकडे जातच नाहीस. तू उलटी वळतेस. सगळ्यांच्या देखत चालत मागे जातेस, शेवटच्या बाकावर त्या बाईच्या शेजारी बसतेस आणि तिचं लेकरू आपल्या मांडीवर घेतेस. काही बोलत नाहीस. पंचांकडे बघतसुद्धा नाहीस. मी मध्येच उभी. मग बोर्डिंगच्या मुली, ज्यांना तू रोज वाढायचीस, एकेक करून उठल्या आणि तुझ्या मागच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. मीही गेले. पाळकसाहेब प्याला हातात धरून मेजापाशी थांबले होते. मग ते पायऱ्या उतरले, सगळे बाक ओलांडून मागे आले, आणि पहिला घोट त्या बाईला दिला. त्यानंतर तुला. त्या वेळी मला जेवढा अभिमान वाटला तेवढा आयुष्यात पुन्हा कशाचा वाटला नाही. ही माझी आई, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं.

त्याची किंमत तू दिलीस. काम राहिलं, कारण तुझ्यासारखी स्वयंपाकीण त्यांना मिळणार नव्हती, पण खोली गेली. आपण दूर नंदनवन वस्तीत भाड्याच्या घरात आलो आणि तू पहाटे अंधारात पायी निघायला लागलीस. त्यावरून तू कधी कुरकुर केली नाहीस. पंच महिन्याला स्वयंपाकघर पाहायला यायचे, तेव्हा त्यांना पाट मांडून गरम वाढायचीस. पहिल्या खेपेला त्यांच्या वाटीतल्या वरणात तिखट जरा जास्तच पडलं होतं, असं बाबा शेवटपर्यंत म्हणायचे. तू म्हणायचीस, चुकून.

आता अक्षरं नीट दिसत नाहीत, तेव्हा उरलेलं लवकर लिहिते. मला कळमेश्वरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा बाबा गेलेले होते आणि तुझ्या पोटात दुखायला लागलं होतं. दर रविवारी मी यायचे, तू मला गरम पोळी वाढायचीस आणि मी विचारलं की म्हणायचीस, मले काय धाड भरली? नव्या घराशेजारच्या काकूला मात्र बजावून ठेवलं होतंस, पोरीले सांगू नका, नवी नोकरी आहे. निरोप आला, मी बस धरून आले, आणि तू गेलेली होतीस. ऊन अजून अंगणात होतं. दफनाच्या वेळी सगळे म्हणाले, पोरगी अगदी आईसारखी, किती धीराची. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मी ठीक आहे.

मी ठीक नव्हते. मला तुझा राग आला होता, आई. पंचांच्या बंगल्यावर चढून जाणारी तू, आणि स्वतःचं दुखणं तेवढं माझ्यापासून लपवलंस. मला तुझ्याजवळ बसू दिलं नाहीस. इतकी वर्षं मी रोज संध्याकाळी दिवा लावला आणि रोज तुझा नियम मोडला.

हे पत्र पाठवायचं कुठे? पण तोंडावर सांगायचं ते सांगून झालं. आता उठते, दिवा लावते.